वाकून घेतलेलं माप

मला माझ्या जावयाचा हेवा वाटतो. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही, पण आमच्या गावात न बोललेलंही सगळ्यांना ऐकू येतं. देवाजी तर चहाच्या टपरीवर चारचौघांत विचारतो, "काऊन मुखरूभाऊ, आज जवाई घरी नाई का? चेहरा खुललेला दिसून राह्यला." मी अर्धा चहा तसाच टाकून उठतो. लोकांचे जावई म्हणजे दहावा ग्रह असतात. मागतात, रुसतात, सासऱ्याला नडतात. माझा जावई यातलं काहीच करत नाही आणि हीच माझी तक्रार आहे. त्याला शिव्या घालायच्या म्हटलं तर त्यानं जागाच ठेवलेली नाही.

मी झाडं पाडतो. चिमूरपासून इकडे जंगलाच्या कडेनं जी गावं आहेत, तिथे घराजवळचं, विहिरीजवळचं किंवा विजेच्या तारेजवळचं झाड पाडायचं असलं, की परवानगीचा कागद हातात पडल्यावर लोक माझ्याकडे येतात. रानातलं झाड कुणीही पाडेल. ते कसंही पडलं तरी कुणाचं छप्पर मोडत नाही. वस्तीतल्या झाडाचं तसं नाही. ते आडवं झाल्यावर कुठवर पोचेल हे उभं असतानाच सांगावं लागतं, आणि उभ्या झाडाला टेप लावायला कुणी वर जात नाही.

माझ्या वडिलांनी मला दिलेली रीत अशी. झाडाच्या बुडाला हात लावायचा, त्याची माफी मागायची. मग त्याच्याकडे पाठ करून चालायला लागायचं. थोडं गेल्यावर थांबायचं, पाय फाकवायचे, कमरेत वाकायचं आणि दोन पायांच्या मधून मागे पाहायचं. शेंडा दिसला नाही तर आणखी पुढे जायचं, पुन्हा वाकायचं. ज्या जागेवरून शेंडा पहिल्यांदा दिसतो तिथे खुंटी ठोकायची. बुडापासून खुंटीपर्यंत जेवढी दोरी लागते, तेवढं झाड उंच. पडल्यावर तेवढंच लांब. पाहणाऱ्याला हसू येतं. बायका तोंडाला पदर लावतात, पोरं मागे उभी राहून नक्कल करतात. करू देत. झाड पडलं की शेंडा खुंटीपाशी येऊन झोपायचा आणि मग कुणी हसायचं नाही. अलीकडे अलीकडे शेंडा खुंटीच्या बराच अलीकडे पडायला लागला होता. ते मी चांगलंच धरत होतो. हातचं राखून घेतलेल्या मापानं कुणाचं नुकसान होत नाही.

कुलदीप गडचांदूरकडचा. तिकडे चुनखडीच्या एका खाणीत तो मोजणीवाल्या साहेबांच्या हाताखाली होता. त्यांची पट्टी धरायची, दुर्बिणीची तिवई उचलायची, असलं काम. ते काम सुटलं आणि त्याच सुमारास माझ्या खुशबूला आमच्याच गावच्या अंगणवाडीत सेविकेची जागा मिळाली. म्हणून दोघं आमच्याकडे राहायला आली. खुशबू आमची एकुलती एक. लग्न होऊन गेलेली पोरगी परत घरात राहायला येते, याहून बापाला काय पाहिजे? मी गावभर पेढे वाटले होते.

तो आनंद आठवडाभर टिकला. पूर्वी खुशबू सगळं मला विचारायची. आज पाणी येईल का, बैल का खात नाही, ही वेल कशाची. आता "कुलदीपले विचारते" म्हणून ती तशीच पुढे जायची. मी तिच्यासमोर खाटेवर बसलेला असायचो, तरी. शेतातला पंप बंद पडला तर त्यानं दुरुस्त केला. शेजारच्या गायीचं अडलेलं वासरू त्यानं ओढून काढलं. आणि माझी बायको बायनाबाई, जिनं लग्नापासून मासळीचं डोकं माझ्याच ताटात वाढलं, ती आता ते त्याला वाढायला लागली. बरं, तोही मी अंगणात आलो की उभा राहायचा, मी बसल्याशिवाय बसायचा नाही. गावातल्या बायका बायनाबाईला म्हणायच्या, "नशीब काढलं व पोरीनं." हे ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. पण एक गोष्ट माझी होती. झाड म्हटलं की लोक मलाच बोलवायचे.

अंगणवाडीच्या पश्चिमेला एक जुनी सावर होती. दोन उन्हाळे तिला ना फूल आलं होतं ना पान. साल सुटून पडत होती आणि वारा सुटला की मनगटाएवढ्या फांद्या खाली यायच्या. अंगणवाडीत लेकरं असतात. म्हणून सरपंच अंजनाबाईंनी मागे लागून परवानगी आणली आणि मला बोलावणं पाठवलं. सावरीच्या एका अंगाला विहीर आणि विजेची तार, दोन अंगांना घरं. मोकळी होती ती फक्त तिच्या नि अंगणवाडीच्या मधली जागा, म्हणजे पाडायची ती अंगणवाडीकडेच. त्या मोकळ्या जागेत ती पूर्ण मावली तर काम सोपं होतं. नाही मावली, तर कुणीतरी वर चढून आधी शेंडा उतरवायला पाहिजे होता.

मी घरांच्या मधून जाणाऱ्या रस्त्याच्या अंगानं माप घेतलं. वाकलो, पुढे गेलो, पुन्हा वाकलो. शेंडा दिसला तिथे खुंटी ठोकली, दोरी मोजली आणि तीच दोरी बुडापासून अंगणवाडीकडे ताणली. दोरी भिंतीला टेकली, तरी माझ्या हातात पुरुषभर उरली.

"शेंडा उतरवा लागन," मी सांगितलं. "काई हरकत नाई. मी चढतो."

लोकांनी वर शेंड्याकडे पाहिलं. वाळलेली सावर काय असते ते सगळ्यांना माहीत आहे. बाहेरून खांब दिसते आणि आतून भुसभुशीत असते. पाय ठेवलेली फांदी कधी सुटेल याचा नेम नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "मामाजी, मी एकदा पाहू का?"

सगळ्या गावासमोर जावयाला नाही कसं म्हणायचं? मी मान हलवली. कुलदीपनं कुंपणातून तुरीची एक सरळ काडी उपसली. हात समोर ताठ केला, काडीचं एक टोक डोळ्यापाशी धरलं आणि मुठीपर्यंत जेवढी भरली तेवढी ठेवून बाकीची मोडून टाकली. मग ती काडी त्याच ताठ हातात उभी धरली आणि एक डोळा मिटून तो मागे मागे सरकायला लागला. काडीचं खालचं टोक झाडाच्या बुडाशी आणि वरचं टोक शेंड्याशी जुळलं तिथे तो थांबला नि त्यानं खुंटी ठोकली.

"काडी अन् हात सारखे," तो लोकांना सांगत होता. "म्हून झाडाची उंची अन् झाडापासूनचं अंतर बी सारखं. मामाजीची रीत हेच हाय. ते वाकून पाह्यतात, मी काडीनं पाह्यतो."

माझं नाव घ्यायची काय गरज होती? माझ्या विरुद्ध बोलायचं तर सरळ बोलावं माणसानं. त्याची दोरी अंगणवाडीकडे ताणली तर ती भिंतीच्या बरीच अलीकडे संपली. मधे बैलगाडी वळवता आली असती.

"एक झाड अन् दोन उंच्या," देवाजी म्हणाला. "आता पडन कोनती?"

लोक हसले. मला मिरची झोंबली. सूर्य कलला होता आणि सावरीची सावली मोकळ्या जागेवरून सरकत अंगणवाडीच्या भिंतीवर, तिथून छपरावर चढली होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं. "हातच्या काकनाले आरसा कायले? सावली छपरावर जाऊन बसली. सावली पोचते तर झाड नाई पोचनार?"

माना डोलायला लागल्या. संध्याकाळी सावली लांब होते हे काय मला कळत नव्हतं? पण भांडणात माणूस हाताला लागेल ते फेकतो.

"मामाजी, दुपारी पाह्यलं तर सावली भिंतीच्या लय इकडंच राह्यते," कुलदीप खालच्या आवाजात म्हणाला.

"मंग सावरीले सांगा, दुपारीच पड म्हना."

आता सगळे माझ्या बाजूनं हसले. मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी लोक माझ्या बाजूनं हसत होते. अंजनाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मजाक नका करू. आत लेकरं बसतात. उद्या सकाळी दोघं मिळून पुन्हा मोजा अन् एक माप सांगा. एक नाई झालं तर मोठं माप धरू अन् शेंडा उतरवू. मले भिंत मोडलेली नाई पाह्यजे."

त्यांचं बरोबर होतं. मी घरी आलो तो छाती काढून.

बायनाबाईनं त्या दिवशी तलावातली मासळी केली होती. डोकं तिनं कुलदीपच्या ताटात वाढलं. त्यानं ते उचलून माझ्या ताटात ठेवलं. मी त्याला हात लावला नाही.

"मामाजी," तो म्हणाला, "उद्या तुमचंच माप धरलं तर चढाले मी जातो."

"तुमी? सावरीवर? खानीत दुर्बीन उचलन्याएवढं सोपं नसते ते."

"माहीत हाय. पन तुमची कंबर धरते."

"माही कंबर तुमाले कोनं सांगतली?"

"मी सांगतली," बायनाबाई चुलीपासून म्हणाली. "सकाळी उठताना खाटेचा खूर धरून उठता तुमी. आंधळी नाई मी. सुंभ जळला पन पीळ नाई गेला तुमचा."

मी ताटावरून उठलो आणि अंगणात गेलो. खुशबू मागोमाग आली. ती म्हणाली, "बाबा, वाळल्या सावरीवर पाय ठेवू नये, हे मले तुमीच सांगतलं होतं. तुमी मापावर अडून बसले तर तो चढन. तो तुमाले वर जाऊ देनार नाई. माहं बी ऐकनार नाई."

"चढू दे. लय शहाना हाय ना तो."

"तुमाले तो डोळ्यासमोर नाई पाह्यजे, हे मले समजते. पन एक सांगा. झाड खरंच तेवढं लांब हाय का?"

"मी वाकून पाह्यलं."

"हव," ती म्हणाली. "तुमाले वाकताना मी बी पाह्यलं." एवढं बोलून ती आत गेली.

काय पाहिलं हिनं? मला राग आला. पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली भीती होती. जावई वर चढला, फांदी सुटली, तर माझं माप खरं ठरो की खोटं, रडणार कोण होतं? त्याला वर पाठवला की गावापुढे आपलं वरचढपण राहील, हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला. त्याच्या मागोमाग खुशबूचा चेहरा आला आणि मग मला झोप लागली नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण सकाळी उठलो तो माप सोडायचं नाही असंच ठरवून उठलो. माप सोडलं की माझ्याकडे राहिलं काय? झाडांचाही धनी तोच होणार.

सकाळी अख्खं गाव सावरीपाशी जमलं होतं. मी बुडाला हात लावायला पुढे झालो, तर खुशबू मधे आली.

"थांबा बाबा. आज मी वाकते."

तिनं ओढणी कमरेला घट्ट बांधली. सावरीच्या बुडाला हात लावला, ओठातल्या ओठात माफी मागितली आणि पाठ करून चालायला लागली. लहान होती तेव्हा ती माझ्याबरोबर गावोगाव यायची आणि मी वाकलो की माझ्या शेजारी तीही वाकायची. मोठी झाल्यावर आईनं बंद केलं. एवढ्या वर्षांत मला त्याची आठवणही नव्हती. ती थांबली, वाकली. तिचं कपाळ गुडघ्यांच्या खाली गेलं, वेणी मातीत लोळायला लागली. दिसलं नसावं. आणखी थोडं पुढे गेली, पुन्हा वाकली आणि तशीच राहून तिनं हात वर केला. पत्रूनं, जो माझ्याबरोबर झाडं पाडायला असतो, तिथे खुंटी ठोकली. ती कुलदीपच्या कालच्या खुंटीला जवळजवळ लागूनच होती. एकही बाई हसली नाही.

"नवऱ्याची खुंटी पाहून ठेवली होती इनं," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

खुशबू चिडली नाही. कपाळाची माती पुसत म्हणाली, "मंग तुमी या. माह्या खुंटीवर उभे राहा अन् पाहा. शेंडा नाई दिसला तर तुमचं माप खरं."

मी गेलो. तिच्या खुंटीवर पाय फाकवून उभा राहिलो आणि वाकलो. पायांच्या मधून सावरीचं खोड दिसलं, पहिला बेचका दिसला, त्याच्या वरच्या दोन फांद्या दिसल्या. शेंडा नव्हता. मी ओरडून सांगणारच होतो, तेवढ्यात खुशबू जवळ येऊन फक्त मला ऐकू येईल असं बोलली.

"आनखी वाका, बाबा. आधी तुमचं डोकं गुडघ्याच्या खाली जात होतं. आता मांडीपाशीच थांबते."

माणसाला स्वतःचं वाकणं दिसत नाही. मला वाटत होतं, मी पूर्वी वाकायचो तेवढाच वाकतो. डोकं खाली जात नाही, म्हणून नजर वर चढत नाही, म्हणून शेंडा दिसायला मी लांब लांब जातो आणि झाड उंच होत जातं. अलीकडची सगळी झाडं खुंटीच्या आधीच का संपायची, ते त्या उलट्या अवस्थेत मला कळलं. तरी मन मानेना. मी श्वास सोडला आणि सगळा जोर लावून खाली गेलो. कमरेत कच्चकन झालं. डोकं गुडघ्याच्या खाली गेलं आणि सावरीचा शेंडा दिसला. अगदी टोकाच्या दोन काटक्या, त्यांच्यामध्ये कावळ्याचं मोडकं घरटं. खुशबूची खुंटी बरोबर होती. म्हणजे त्याची बरोबर होती.

मग मी उठायला गेलो आणि उठता येईना. कंबर कुलूप लावल्यासारखी बसली होती. पायांच्या मधून मला जमलेली माणसं उलटी दिसत होती. देवाजीची तुटकी चप्पल, अंजनाबाईंचे पाय, बायनाबाईची जोडवी. झाडाला पाठ करून वाकलेला मुखरू गावानं शंभरदा पाहिला होता. तसाच अडकलेला मुखरू पाहिला असता, तर मेल्यावरही लोकांनी त्याच नावानं आठवण काढली असती. आता हसतील, मी मनात म्हणालो. आता देवाजी काहीतरी बोलेल.

तेवढ्यात माझ्या शेजारी दोन पाय येऊन उभे राहिले आणि कुलदीप माझ्याबरोबर तसाच खाली वाकला. त्याचं डोकं माझ्या डोक्याशेजारी आलं.

"दिसून राह्यला का शेंडा, मामाजी?" त्यानं मोठ्यानं विचारलं. मग हळूच म्हणाला, "माह्या खांद्यावर हात टाका. घाई नाई. सावकाश उठू."

त्याचा खांदा झिडकारून द्यावा असं मला वाटलं. पण दुसरा खांदा तिथे नव्हता. मी हात टाकला. त्यानं दुसऱ्या हातानं सावरीकडे बोट केलं आणि लोकांना ऐकू जाईल असं बोलायला लागला, "तो पाहा, घरटं दिसते ना, त्याच्या वर दोन काड्या हायत, मामाजी तेच दाखवून राह्यले." सगळ्या गावाच्या माना वर गेल्या. सगळे घरटं शोधायला लागले. तेवढ्या वेळात त्यानं मला थोडं थोडं करून सरळ उभं केलं. लोकांनी माना खाली केल्या तेव्हा सासरा-जावई खांद्यावर हात ठेवून उभे होते, एवढंच त्यांना दिसलं.

त्या घटकेला मला त्याचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. काडीचं माप मी शिकून घेतलं असतं. पंपही शिकलो असतो. पण हे कुठून शिकायचं? आदल्या दिवशी ज्या माणसानं त्याला गावापुढे हसं केलं, त्याच माणसाची अब्रू झाकायला तो धुळीत डोकं घालून वाकला. त्याच्या जागी मी असतो तर हसणाऱ्यांत सगळ्यात पुढे असतो, हे मला पक्कं माहीत होतं आणि त्यानं मी आतल्या आत जळत होतो.

"मंग मुखरूभाऊ," अंजनाबाईंनी विचारलं, "कोनतं माप धरायचं?"

"माप मामाजीच्याच रीतीनं घेतलं, बाई," कुलदीप म्हणाला. "मामाजीचं म्हननं हाय का…"

"मी सांगतो," मी त्याला तोडलं. माझा हात अजून त्याच्या खांद्यावर होता. काढला असता तर पडलो असतो. "काल कुलदीपनं सांगतलं ते माप बरोबर हाय. माहं चुकलं. माही कंबर आता तेवढी वाकत नाई, म्हून झाड लांब दिसलं. सावर मोकळ्या जागेत मावते. कोनी वर चढनार नाई."

लग्न झाल्यापासून मी त्याला जवाईबुवा म्हणत आलो होतो. नाव पहिल्यांदा घेतलं. देवाजीनं तोंड उघडलं आणि अंजनाबाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर मिटलं.

मग मला काही करता येण्यासारखं राहिलं नाही. बायनाबाईनं खाट आणून विहिरीपलीकडे लिंबाच्या सावलीत टाकली, मला तिच्यावर बसवलं आणि पाठीला उशी लावली. अंगणवाडी रिकामी केली. वीजवाल्यांनी तार बंद केली. लोकांना लांब उभं केलं. पत्रूनं कटर मशीन चालू करून पाहिलं. कुलदीप माझी कुऱ्हाड घेऊन माझ्याकडे आला.

"खाच कोनत्या अंगानं घालू, मामाजी?"

त्याला ठाऊक होतं. झाड जिकडे पाडायचं तिकडे खाच, हे शेंबडं पोरगंही सांगेल. तरी तो विचारत होता आणि मला सांगावं लागत होतं. "अंगनवाडीकडून," मी म्हणालो. "लय खोल नको. आतून पोकळ असन. मशीन मागून लावा, अन् शेंडा हलला का मागं पाह्यचं नाई, बाजूले पळायचं."

त्यानं खाच घातली. हात चांगला चालत होता त्याचा. माझी कुऱ्हाड त्याच्या हातात बरी दिसत होती, हेही मला बघवत नव्हतं. मग पत्रूनं मागून मशीन लावलं. भुसा आधी पांढरा उडाला, मग एकदम काळा उडायला लागला. पोकळी माझ्या अंदाजापेक्षा मोठी होती. ते दोघं खाली पाहत होते. मी खाटेवरून वर पाहत होतो. दोन काटक्यांमधलं घरटं थरथरलं. अजून अर्धंही कापून झालेलं नव्हतं.

"पळा," मी ओरडलो. "कुलदीप, सोड ते, पळ."

पत्रू विहिरीकडे पळाला. कुलदीप कुणीकडे गेला ते दिसलं नाही. सावरीनं एक मोठा आवाज केला आणि ती गेली. जमीन हादरली. धूळ, भुसा आणि वाळल्या सालीचा असा लोट उठला की अंगणवाडी दिसेना, लोक दिसेनात. मी उठायला गेलो आणि कंबरेनं मला पुन्हा खाली बसवलं. बायनाबाई "अगं माय, अगं माय" करत होती.

धूळ बसायला लागली तशी आधी अंगणवाडीची भिंत दिसली. उभी होती, एक पोपडाही उडालेला नव्हता. मग शेंडा दिसला. तो भिंतीच्या अलीकडे पडला होता आणि मधे बैलगाडी वळवता आली असती. लोक आरडाओरडा करत होते, पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. मग खोडाच्या पलीकडून तो उठून उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत मातीनं भरलेला, हातात माझी कुऱ्हाड तशीच.

खुशबू धावत आली. ती माझ्या दिशेनंच येत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, ओढणी एका बाजूला लोंबत होती. मी हात पुढे केला. ती खाटेला वळसा घालून माझ्या शेजारून निघून गेली, फांद्या तुडवत खोडावर चढली आणि पलीकडे त्याच्यापाशी जाऊन तिनं त्याचे दोन्ही दंड धरले.

मला हेवा वाटला. पण कंबर सुटलेली असती, तर मीही आधी त्याच्याकडेच धावलो असतो.